‘व्हेन वुई राइझ’ : एका दूरचित्रवाणी-बखरीचें परीक्षण

या त्रैमासिकांत आजवर बखरी, करीने, शकावल्या, महजर व निवाडपत्रें यांचीं परीक्षणें येत आलीं आहेत. अमेरिकेंतील एका दूरचित्रवाणी-मालिकेचें परीक्षण येथें पाहून कांहीं वाचकांच्या कपाळास आठी पडेल हें मी जाणून आहें. त्यांतून मालिकेचा विषय समलिंगी स्त्रीपुरुषांच्या हक्कांची चळवळ हा. म्हणजे आठी दुहेरी. परंतु ज्या प्रश्नासाठीं आपण वाड्यांचे कोनाडे व माळे धुंडाळतों, तोच प्रश्न या मालिकेनें माझ्यापुढें उभा केला. ज्यांचे कागद राहिले नाहींत, किंवा राहूं दिले गेले नाहींत, त्यांचा इतिहास कोणत्या साधनांवरून लिहावयाचा, आणि तसा लिहिलेला इतिहास कोणत्या कसोटीस लावावयाचा? तेव्हां वाचकांनीं थोडा धीर धरावा.

मालिकेची माहिती मला माझ्या एका जुन्या विद्यार्थ्यानें कळविली. तो आज सॅन फ्रान्सिस्को शहरीं असतो, व मालिकेंतील बहुतेक घडामोडी त्याच शहरांतील आहेत. मूळ आत्मचरित्राची प्रत पाठवून सोबतच्या चिठ्ठींत त्यानें इतकेंच लिहिलें होतें कीं, “सर, तुमच्या बखरींना लावतां त्याच गजानें हें मोजा.” पुढील मोजणी त्या गजानें केलेली आहे.

तपशील प्रथम देतों. ‘व्हेन वुई राइझ’ ही मालिका एबीसी या अमेरिकन वाहिनीनें 2017 सालीं, 27 फेब्रुवारी ते 3 मार्च या आठवड्यांत चार रात्रींत मिळून दाखविली. चारही भाग लागोपाठ दाखविण्याचा बेत होता. पण 28 फेब्रुवारीस राष्ट्राध्यक्षांचें काँग्रेसपुढील भाषण आल्यानें मध्यें एक रात्र रिकामी गेली. लेखक डस्टिन लान्स ब्लॅक. हार्वी मिल्क यांच्या चरित्रावरील 2008 च्या चित्रपटाची संहिता यांचीच, व तीबद्दल त्यांस ऑस्कर पारितोषिक मिळालेलें आहे. दिग्दर्शनाचें काम चौघांनीं वांटून घेतलें असून पहिला भाग गस व्हॅन सँट यांचा आहे. कथेस आधार क्लीव्ह जोन्स यांच्या 2016 अखेर प्रसिद्ध झालेल्या त्याच नांवाच्या आत्मचरित्राचा. परंतु मालिकेचा पट त्याहून रुंद आहे. तींत तीन साक्षीदारांच्या हकीकती एकमेकींत गुंफल्या आहेत. क्लीव्ह जोन्स हे 1954 सालीं जन्मलेले, पुढें मिल्क यांचे तरुण साहाय्यक. रोमा गाय या आफ्रिकेंतील टोगो देशांत सेवाकार्य करून परतलेल्या, व सॅन फ्रान्सिस्कोंतील ‘विमेन्स बिल्डिंग’ ही स्त्रियांची वास्तु 1979 सालीं उभी करणाऱ्यांपैकीं एक. केन जोन्स हे कृष्णवर्णीय, अमेरिकन आरमारांतून आलेले. शिवाय रोमा यांच्या सहचारिणी डायान जोन्स या परिचारिका. तीन जोन्स, आणि तिघांचें परस्परांशीं नातें कांहीं नाहीं! पेशवाईच्या कागदांतील बाजीराव, बाळाजी व माधवराव यांच्या नामसादृश्यानें ज्यांचे डोळे शिणले आहेत त्यांस हें नवें नाहीं. कल्पित कथा असती तर लेखकानें हा घोळ खास ठेवला नसता. खरेपणाची एक लहानशी खूण म्हणून मीं तो टिपून ठेवला.

आतां हें साधन कोणत्या जातीचें? माझ्या मतें ही बखर होय, आणि हा शब्द मी निंदेनें वापरीत नाहीं. कृष्णाजी अनंत सभासदानें राजाराममहाराजांच्या आज्ञेवरून जिंजीस लेखणी धरली तेव्हां थोरले महाराज जाऊन सतरा वर्षें लोटलीं होतीं. लिहिणारा डोळ्यांनीं पाहिलेला, पण वय झालेला. लिहविणारा त्याच पक्षाचा. आणि ऐकणारे असे कीं ज्यांची पुढची लढाई अजून संपावयाची होती. हीं तीनही लक्षणें या मालिकेस लागू पडतात. राजवाड्यांनीं बखरींवर केलेला मारा आपणां सर्वांस ठाऊक आहे, व काल, स्थल आणि संख्या यांपुरता तो रास्तही आहे. तथापि इतकीं वर्षें बखरी वाचून माझा अनुभव असा कीं, बखरींत तारीख चुकते, फौजेचा आंकडा फुगतो, पण कोण कोणास भीत होतें ही गोष्ट सहसा चुकत नाहीं. या मालिकेंतील भीति खरी आहे. पोलिसांची भीति, घरमालकाची भीति, आरमारांतील वरिष्ठांची भीति. आणि या सर्वांहून मोठी, आपल्याच आईबापांची.

बखरीचे दोषही येथें भरपूर आहेत. पात्रें एकमेकांशीं बोलतात तीं पुष्कळदां एकमेकांसाठीं नव्हे, तर प्रेक्षकांस धडा देण्यासाठीं. दोन स्नेही भेटले कीं त्यांपैकीं एक दुसऱ्यास, जें त्या दुसऱ्यास ठाऊक असावयासच पाहिजे, तें समजावून सांगतो. अमका कायदा कधीं आला, अमकी सभा कोठें भरली. मी छत्तीस वर्षें शाळेंत शिकविलें आहे. वर्गांतला आवाज मला दुरून ओळखूं येतो, आणि नाटकांत तो ऐकूं आला कीं रसभंग होतो. पूर्वार्धांतील तरुण नट जाऊन उत्तरार्धांत प्रौढ नट येतात. ऑस्टिन मॅकेन्झी यांचा किशोर क्लीव्ह आणि गाय पिअर्स यांचा प्रौढ क्लीव्ह यांच्यांत मला एक मनुष्य दिसेना. दोघे निरनिराळ्या घरचे वाटले. उलट मायकेल के. विल्यम्स यांनीं केन जोन्स यांची उतरती कळा ज्या संयमानें दाखविली आहे तिला तोड नाहीं. सहचर गेलेला, व्यसन जडलेलें, घर सुटलेलें, आणि शेवटीं एका देवळाच्या, म्हणजे चर्चच्या, आश्रयानें पुन्हां माणसांत आलेला असा हा पुरुष ते फारसें न बोलतां उभा करतात. केन जोन्स 2021 च्या जानेवारींत वारले व त्याच सालच्या सप्टेंबरांत विल्यम्सही गेले.

क्लीव्ह जोन्स यांनीं आत्मचरित्रांत सांगितलेली एक गोष्ट इतिहासाच्या वाचकांनीं लक्षांत ठेवण्याजोगी आहे. अ‍ॅरिझोना संस्थानांत ते शाळेंत होते. वडील मानसशास्त्राचे प्राध्यापक. आणि त्या काळीं समलिंगी वृत्ति ही त्या शास्त्राच्या रोगांच्या यादींत मोडत असे. अमेरिकेंतील मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेनें 1973 सालीं ती यादींतून काढली. त्यापूर्वीं दोन वर्षें या मुलास शाळेच्या ग्रंथालयांत ‘लाइफ’ या साप्ताहिकाचा 1971 अखेरचा अंक सांपडला. त्यांत या चळवळीवर सचित्र लेख होता. मुलानें तो अंक चोरून घरीं नेला, आणि जीव देण्यासाठीं सांठवून ठेवलेल्या गोळ्या फेंकून दिल्या. आपल्यासारखे आणखी लोक आहेत, व ते एका विशिष्ट शहरीं राहतात, इतकीच माहिती त्या लेखांतून त्यास मिळाली होती, तेवढी पुरली.

येथें थोडें विषयांतर करतों. आमच्या शाळेच्या ग्रंथालयाच्या कपाटांच्या किल्ल्या अकरा वर्षें माझ्या कमरेस होत्या. मुलांच्या हातीं काय द्यावें व काय देऊं नये हें मी ठरवीत असें. खालच्या फळीवर एक कुलूपबंद कप्पा होता. ‘अयोग्य’ वाटेल तें मी त्यांत टाकीत असें, आणि वर्षाअखेर तो कप्पा रिकामा करीत असें. पहिला भाग पाहून झाल्याचें मीं विद्यार्थ्यास कळविलें तेव्हां त्याचें लांबलचक उत्तर आलें. त्या कपाटांशीं तो दुपारच्या सुटींत काय शोधीत उभा असे हें त्यानें मला इतक्या वर्षांनीं सांगितलें. तो मजकूर येथें देण्याचें प्रयोजन नाहीं.

शिक्षकांचा उल्लेख आला म्हणून 1978 चें प्रकरणही सांगून टाकतों. जॉन ब्रिग्ज नांवाच्या कॅलिफोर्नियांतील एका प्रांतिक सिनेटरांनीं सार्वजनिक शाळांतून समलिंगी शिक्षकांस काढून टाकण्याचा, इतकेंच नव्हे तर त्यांची बाजू उघडपणें घेणाऱ्या इतर शिक्षकांसही काढण्याचा ठराव लोकमतास टाकला. हार्वी मिल्क त्या वर्षीं शहराच्या पर्यवेक्षक मंडळावर नुकतेच निवडून आले होते. ते आणि सॅली गिअरहार्ट या प्राध्यापिका यांनीं मिळून ब्रिग्ज यांच्याशीं दूरचित्रवाणीवर वाद केला. 7 नोव्हेंबर 1978 रोजीं सुमारें 58 टक्के मतदारांनीं ठराव फेंटाळला. वीस दिवसांनीं, 27 नोव्हेंबरास, मिल्क व महापौर जॉर्ज मॉस्कोनी या दोघांचा नगरगृहांत खून झाला. आतां गंमत अशी कीं, याच लेखकाच्या 2008 च्या चित्रपटांत गिअरहार्टबाई कोठें दिसतच नाहींत! वाद दोघांनीं केला, श्रेय एका पुरुषाच्या खात्यावर पडलें. मालिकेंत मात्र त्यांस त्यांचें नांव व जागा मिळाली आहे. बखरकार आपल्या पहिल्या प्रतींतील गाळलेला मजकूर दुसऱ्या प्रतींत भरून काढतो असें उदाहरण विरळा, आणि त्याबद्दल ब्लॅक यांस श्रेय दिलें पाहिजे. स्त्रीहक्कांच्या संघटना समलिंगी स्त्रियांस दूर लोटीत होत्या, आणि गोऱ्या समलिंगी पुरुषांच्या गुत्त्यांत काळ्यांस प्रवेश मिळतांना मारामार पडे, हेंही मालिका लपवीत नाहीं. स्वपक्षाचे असे दोष उघडे करणारी बखर आमच्याकडेही क्वचितच आढळते.

संस्कृत शिकलेल्या माणसास या विषयांत एक मोह होतो, व मलाही झाला. वात्स्यायनानें तृतीया प्रकृति मान्य करून तिजवर स्वतंत्र प्रकरण खर्चिलें आहे. अमरकोशांत तो शब्द आहे. उलट मनुस्मृतींत अशा संबंधास प्रायश्चित्त सांगितलें आहे. तेव्हां चार वचनें एका बाजूचीं व चार दुसऱ्या बाजूचीं गोळा करून ‘आमच्याकडे हें होतें’ किंवा ‘नव्हतें’ असा निकाल देणें सोपें. पण ही इतिहासाची रीत नव्हे. शास्त्रांत प्रकार आढळतात, माणसें आढळत नाहींत. ज्यास प्रायश्चित्त दिलें त्याचें नांव काय, गांव कोणतें, त्यानें तें घेतलें कीं तो गांव सोडून गेला, हें शास्त्र सांगत नाहीं. आणि आपल्या शोधाचा प्रारंभ तर नांवगांवापासून होतो.

नांवांवरूनच या मालिकेंतील, किंबहुना या सर्व इतिहासांतील, मला सर्वांत मोलाच्या वाटलेल्या साधनाकडे येतों. 27 नोव्हेंबर 1985 हा मिल्क व मॉस्कोनी यांच्या खुनाचा सातवा वार्षिक दिवस. दरसालप्रमाणें मेणबत्त्यांची मिरवणूक निघाली. शहरांत एड्सनें दगावलेल्यांची संख्या एक हजारावर गेल्याचें नुकतेंच प्रसिद्ध झालें होतें. क्लीव्ह जोन्स यांनीं मिरवणुकींतील लोकांस, प्रत्येकानें आपल्या गेलेल्या माणसाचें नांव पुठ्ठ्यावर लिहावें, असें सांगितलें. शेवटीं शिड्या लावून ते पुठ्ठे संघसरकारच्या कचेरीच्या भिंतीस चिकटविण्यांत आले. दुरून पाहतां ती भिंत जोन्स यांस ठिगळांच्या गोधडीसारखी दिसली, आणि त्यांतून खरोखरीची गोधडी शिवण्याची कल्पना निघाली. पहिली पट्टी त्यांनीं आपला मित्र मार्विन फेल्डमन याच्या नांवानें केली. प्रत्येक पट्टी 3 फूट रुंद, 6 फूट लांब. म्हणजे अदमासें एका थडग्याएवढी. अशा आठ पट्ट्या जोडून 12 फुटी चौरस तुकडा होतो. 11 ऑक्टोबर 1987 रोजीं वॉशिंग्टन येथील नॅशनल मॉलवर ही गोधडी प्रथम अंथरली तेव्हां तींत 1,920 पट्ट्या होत्या, व त्यांवरील नांवें मोठ्यानें वाचण्यांत आलीं. आज पट्ट्या सुमारें 50,000, नांवें 1,10,000 वर आणि वजन 54 टन आहे. गोधडी सॅन फ्रान्सिस्कोंतील राष्ट्रीय एड्स स्मारकाकडे असून तिच्यासंबंधींचे कागद लायब्ररी ऑफ काँग्रेसकडे जातील असें 2019 सालीं जाहीर झालें.

हें साधन आपल्या कोणत्या वर्गांत बसवावें याचा मी पुष्कळ विचार केला. शिलालेख नव्हे, कारण तो राजाज्ञेनें कोरला जातो. वीरगळाशीं थोडें साम्य आहे. पण आमच्या गांवोगांवच्या वीरगळांवर लढाई दिसते, गायी दिसतात, स्वर्ग दिसतो, आणि बहुधा नांव तेवढें नसतें. येथें उलट, नांव हेंच सर्वस्व. त्याभोंवतीं शिवणाऱ्यानें मेलेल्याचा सदरा, पदकें, लहानपणचें खेळणें, एखादें पत्र असें हातीं लागेल तें टांचलें आहे. कांहीं पट्ट्यांवर केवळ पहिलेंच नांव आहे, कुलनाम नाहीं. ज्या घराण्यास तें नांव तेथें नको होतें, त्याचीही ही एक नोंदच होय. शिवणीवरून हात ओळखतां येतो: सराईत हात कोणता, आणि ज्यानें जन्मांत कधीं सुई धरली नव्हती तो कोणता. दस्तऐवज पारखणाऱ्यानें अक्षराचें वळण पाहावें तसें तें आहे. मालिकेनें या गोधडीस दिलेला वेळ मला अपुरा वाटला. चळवळ्यांच्या सभांतील भाषणांस जितकें स्थळ दिलें आहे त्याच्या निम्मेंही एखादी पट्टी शिवणाऱ्या हातांस दिलें असतें तर करुण रस आपोआप साधला असता. त्यासाठीं पार्श्वसंगीताची इतकी आर्जवें करावीं लागलीं नसतीं.

याच ठिकाणीं बखरीचा सर्वांत मोठा दोषही दिसून येतो. तीनही साक्षीदार हे वांचलेले आहेत. मालिका रचतांना ज्यांस विचारतां आलें त्यांच्याच तोंडून ती सांगितली गेली, हें अपरिहार्य खरें. पण ज्या पिढीचा एवढा मोठा भाग ऐन तिशी-चाळिशींत गेला, तिची हकीकत केवळ वांचलेल्यांनीं सांगितली तर ती नकळत वांचण्याची हकीकत होते. पानिपताहून परतलेल्यांच्या तोंडचें पानिपत आपण असेंच वाचतों. सॅन फ्रान्सिस्कोच्या सार्वजनिक रुग्णालयांत एड्सच्या रोग्यांसाठीं 1983 सालीं उघडलेला ‘5 बी’ हा कक्ष मालिकेंत येतो, कारण डायान जोन्स तेथें होत्या. तेथील खाटांवरील माणसें मात्र प्रसंगापुरतीं येतात व जातात.

शेवटच्या भागाविषयीं माझा आक्षेप निराळा व अधिक गंभीर आहे. नाट्यशास्त्रांत कार्याच्या पांच अवस्था सांगितल्या आहेत, आरंभापासून फलागमापर्यंत. नाटकास फलागम हवा असतो, म्हणून या मालिकेस तो शोधावा लागला, आणि तो तिनें विवाहाच्या हक्कांत शोधला. 2008 च्या नोव्हेंबरांत कॅलिफोर्नियाच्या मतदारांनीं समलिंगी विवाहास बंदी केली, त्या बंदीवर दावा झाला, आणि 26 जून 2013 रोजीं सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयामुळें ती उठली; मालिकेचा ओघ त्या जयाकडे वाहतो. पण हा दावा ज्या संस्थेनें चालविला तिच्या मूळ संचालकांत ब्लॅक स्वतः होते, व त्या खटल्यावर त्यांनीं 2011 सालीं एक नाटकही लिहिलें होतें. म्हणजे येथें बखरकार स्वतः फौजेंत आहे. त्यांत गैर कांहीं नाहीं. सभासदही दरबारींच होता. मात्र प्रेक्षकांस तें उघड सांगावयास हवें होतें. पहिल्या तीन भागांतील लोक नोकरी, घर, औषध आणि अब्रू यांसाठीं झगडतांना दिसतात. मग चौथ्यांत अकस्मात् सर्व वाटा लग्नमंडपाशीं येऊन मिळतात हें कसें, याचा उलगडा केवळ कथेंतून होत नाहीं, लेखकाच्या चरित्रांतून होतो. खुद्द इतिहासानें तर हा फलागम मानलेला नाहीं. विवाहाचा हक्क 26 जून 2015 रोजीं सर्व अमेरिकेंत मान्य झाला, पण समलिंगी म्हणून नोकरींतून काढतां येणार नाहीं हा देशभर लागू होणारा निर्णय त्यानंतर पांच वर्षांनीं, 15 जून 2020 रोजीं आला. ब्रिग्ज यांच्या ठरावानें 1978 त उभा केलेला शिक्षकाच्या पोटाचा प्रश्न लग्नाच्या वरातीनंतर सुटला! (आमच्याकडे क्रम निराळा पडला. 1860 च्या दंडसंहितेंतील 377 व्या कलमाचा जांच प्रौढांच्या संमतीच्या संबंधांपुरता 6 सप्टेंबर 2018 रोजीं दूर झाला. विवाहास मान्यता देण्याचें मात्र आमच्या सर्वोच्च न्यायालयानें 17 ऑक्टोबर 2023 रोजीं नाकारलें.)

मालिकेचा आरंभ जेथें होतो त्याच्याही आधीं याच शहरांत घडलेली एक गोष्ट संशोधकांनीं मुद्दाम ध्यानांत घ्यावी. 1966 च्या ऑगस्टांत टेंडरलॉइन या गरीब वस्तींतील कॉम्प्टन नांवाच्या खाणावळींत पोलिसांच्या जांचास कंटाळलेल्या, स्त्रीवेषानें राहणाऱ्या लोकांनीं दंगा केला. एकीनें पोलिसाच्या तोंडावर कॉफी फेंकली, मग खिडक्या फुटल्या. न्यूयॉर्कमधील स्टोनवॉलचा प्रख्यात दंगा 28 जून 1969 चा; हा त्याच्या तीन वर्षें आधींचा. वर्तमानपत्रांनीं तो छापला नाहीं. पोलिसांचे कागद उरले नाहींत. सुमारें पंचवीस वर्षें त्याची कोणास आठवणही नव्हती. मग सुझन स्ट्रायकर या इतिहासकार बाईंस 1972 सालच्या एका मिरवणुकीच्या छापील कार्यक्रमपत्रिकेंत त्याचा उल्लेख सांपडला. त्या धाग्यावरून त्यांनीं हयात माणसें शोधून काढलीं, व 2005 सालीं त्यावर माहितीपट केला. ऑगस्टांतील रात्र कोणती हें आजही ठरलेलें नाहीं. एक कार्यक्रमपत्रिका! आपल्यांतील कितीजण लग्नपत्रिका, नाटकांच्या जाहिराती, उत्सवांचीं हस्तपत्रकें जपून ठेवतात?

ती पत्रिका सांपडली ती त्या शहरांतील समलिंगी इतिहास-संस्थेच्या संग्रहांत. ही संस्था 1985 सालीं, ऐन साथींत स्थापन झाली. माणसें मरत होतीं. लांबच्या गांवांहून नातेवाईक येत, खोली रिकामी करीत, आणि पत्रें, छायाचित्रें, रोजनिशा उकिरड्यावर जात. कांहींजणांनीं तीं उचलावयास आरंभ केला. वाईस मिळालेल्या कागदांवरून राजवाड्यांनीं 1898 त साधनांचा पहिला खंड काढला त्यामागील तळमळ यापेक्षां निराळी नव्हती. भेद इतकाच कीं, आमच्या वाड्यांतील कागद वाळवी खात होती आणि येथें आप्तच ते टाकून देत होते. मालिका हा विषय कोठेंही मध्यभागीं आणीत नाहीं. दप्तर उचलणारा मनुष्य पडद्यावर शोभत नसावा.

आतां जें लिहितों तें मालिकेचें परीक्षण नव्हे, परंतु तिजमुळें आठवलेलें आहे. चोवीस वर्षांपूर्वीं एका इनामदार घराण्याचें दप्तर पाहून त्याची यादी करण्याचें काम मजकडे आलें होतें. उन्हाळ्याची सुटी, सोळा रुमाल, आणि पुढें आणखी दोन घराण्यांचीं दप्तरें वाट पाहत होतीं. सनदा, ताकीदपत्रें व हिशेब मीं नीट लाविले. नवव्या रुमालांत एक जुडगा निराळा बांधलेला होता. त्या घराण्यांतील एका धाकट्या भावास परगांवच्या कोणा स्नेह्यानें वीसएक वर्षें लिहिलेलीं मोडी पत्रें, अदमासें चाळीस. वरवर तीन चाळलीं. राजकारण नाहीं, भाव नाहीं, तारखेवार वृत्त नाहीं. प्रकृतीची चौकशी, भेटीची आस, ‘पत्र पावतांच वाचून फाडावें’ अशी सूचना. ज्यास लिहिलीं त्यानें तीं फाडलीं नव्हतीं. रेशमाच्या दोऱ्यानें बांधून ठेविलीं होतीं. मीं यादींत लिहिलें, “किरकोळ खाजगी पत्रें, उपयोग नाहीं.” यादी पाहून घराण्यानें सनदा ठेवल्या व ‘उपयोग नाहीं’ असें लिहिलेलें सर्व रद्दींत विकलें. तीं पत्रें कसलीं होतीं हें मी सांगूं शकत नाहीं. दोन मित्रांचींही असतील. मीं तीं वाचलींच नाहींत.

यादीची माझी प्रत मजजवळ आहे. रद्दीवाल्यांकडून कागद घेणारे संग्राहक या त्रैमासिकाच्या वाचकांत अनेक आहेत, म्हणून ओळखीची खूण येथें देतों. कागद जाड, हातबनावटीचा, कडा एका बाजूनें उंदरांनीं कुरतडलेल्या. शाई तांबूस पडलेली. लेखकाचें मोडी वळण बारीक, उजवीकडे झुकतें. साल बहुधा शके 1790 पासून पुढचें. दोरा हिरव्या रेशमाचा, तीन पेडी, गांठ मागील बाजूस. असा जुडगा कोणाच्या संग्रहीं असल्यास त्यांनीं संपादकांच्या पत्त्यावर मला कळवावें. खर्चानें येऊन, आहे तेथेंच बसून, पहिल्यापासून शेवटपर्यंत तो वाचण्याची माझी तयारी आहे.